खाली म्हणजे खाली

आमच्या घरात दिशा दोनच होत्या, वर आणि खाली. नदी जिकडून येते ते वर, नदी जिकडे जाते ते खाली. इंद्रायणी मावळतीकडून येते, म्हणून देहूकडचं सगळं वरचं आणि मोशी-आळंदीकडचं सगळं खालचं. पाहुणे वरून आले, म्हैस खाली गेली, असंच सगळे बोलायचे. त्या हिशेबानं आमची वस्ती गावाच्या खाली होती आणि तिचं नावच खालची वस्ती. तिला त्याआधी दुसरंही एक नाव होतं, जातीवरून पडलेलं. धर्मांतर झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते नाव घरात उच्चारायला बंदी केली होती, आणि मीही ते इथे लिहिणार नाही. गावाचं नावसुद्धा लिहीत नाही. मोशीच्या वरच्या अंगाला, नदीकाठी, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांना राग यायचा त्यांना तो एवढ्यावरही येईल.

गाव ज्यांनी वसवलं त्यांना वारा आणि पाणी दोन्ही चांगलं कळत होतं. गावच्या अंघोळी, गावचं धुणं, गावच्या म्हशी असं सगळं आटपून पाणी आमच्या पाणवठ्यावर यायचं. वाराही आमच्या भागात वर्षाचा बराच काळ मावळतीकडून वाहतो, त्यामुळे गावातलं सगळं आमच्याकडे यायचं. पिठाच्या गिरणीची फटफट, देवळातलं भजन, कुणाच्या दोन बायकांचं भांडण, सणाच्या दिवशी शिजणारं पुरण. मला गावातल्या निम्म्या घरांची चूल वासावरून ओळखता यायची, त्या घरांत पाऊल न टाकता. आमचं मात्र काही गावाकडे जात नसे. थंडीत वारा फिरायचा तेव्हा आईनं तव्यावर सुकट टाकली की तासाभरात गावातून कुणीतरी निरोप घेऊन यायचं, 'वास यतोय म्हणं, जरा बेतानं.' आई भाकरी थापायची थांबायची नाही. ती म्हणायची, 'वाऱ्याला सांगा म्हणावं. आमी वरीसभर तुमचं पुरण हुंगतोय, तवा कंदी निरोप धाडला व्हता का?' निरोप्या ओढ्याच्या वाटेला लागला की ती आणखी दोन मुठी सुकट तव्यावर टाकायची. त्या दिवशी आम्हा भावंडांची चंगळ असे.

आबा पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. चौथी शिकलेले, पण ड्रॉईंग वाचायला ते कंपनीतच शिकले आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. पहिल्या शिफ्टला ते अंधारातच सायकल काढायचे. आई त्यांच्याआधी उठून हुलग्याचं माडगं करायची आणि ते पितळीतून फुरके मारत प्यायचे. त्या फुरक्यांनी मला जाग यायची. संध्याकाळी परत आले की त्यांच्या अंगाला कूलंटच्या तेलाचा वास असे, आणि डब्यात क्वचित कॅन्टीनचा एखादा पाव. जेवताना त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं. 'कंपनीत कसं हाय, ड्राइंगमधी न्हाई त्ये जगात न्हाई. फोरमनला जाऊन सांगा, हितं भोक पायजे व्हतं. तो म्हंतो, ड्राइंग दाखीव.' आई म्हणायची, 'मंग तुमच्या ड्राइंगमधी आमटी हाय का बघा, न्हाई तर वाढत न्हाई.' आबा हसायचे. हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही.

हायस्कूल चार मैलांवर होतं. आमच्या वस्तीतून तिथवर पोहोचलेली मी पहिली मुलगी, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही. भूगोलाचे सर तपकीर ओढायचे, त्यामुळे त्यांच्या नकाशांवर कोकण किनारपट्टीला कायम तपकिरी डाग असत. माणूस वाईट नव्हता. पुस्तकात जे आहे ते तो चोख शिकवायचा, आणि पुस्तकात नाही ते नाही, एवढाच त्याचा दोष. एकदा त्यांनी फळ्यावर वस्त्यांचे प्रकार लिहिले. घरं एकमेकांना चिकटून असली की केंद्रित वस्ती, शेताशेतात पसरली की विखुरलेली, रस्त्याच्या किंवा नदीच्या कडेनं ओळीत असली की रेषाकृती. मग माणसं एखाद्या जागी वस्ती का करतात त्याची कारणं लिहिली, पाणी, सुपीक जमीन, उंचवटा, संरक्षण. मी हात वर केला.

'सर, गाव केंद्रित आहे आणि आम्ही ओढ्यापलीकडे. मग आम्ही कुठल्या प्रकारात?'

'तुम्ही गावातच धरायचं.'

'पण गाव धरत नाही, सर.'

वर्ग हसला. मी हसवायला बोलले नव्हते. सरांनी चिमटीतली तपकीर नाकात कोंबली, दोनदा शिंकले आणि पुढच्या धड्याकडे वळले. मी वहीत ती चार कारणं उतरवून घेतली आणि एकेक करून आमच्या वस्तीला लावून पाहिली. पाणी उष्टं, जमीन मुरमाड, जागा सखल, आणि संरक्षण कोणाचं कोणापासून हाच प्रश्न. एकही कारण बसेना. माणसं कुठे राहतात हे पुस्तकात होतं, माणसांना कुठे ठेवतात हे नव्हतं. पुढे मी स्वतः आयुष्यभर भूगोल शिकवला. हे तीन प्रकार फळ्यावर लिहून झाले की मी चौथ्या ओळीची जागा मोकळी सोडायची आणि वर्गाला विचारायची, 'आणखी एक प्रकार आहे, कुणाला माहीत आहे?' दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी सांगायचं. तपासणीचे साहेब वर्गात बसलेले असले तरी मी ती ओळ गाळली नाही. त्याबद्दल दोनदा लेखी खुलासा मागितला गेला, तो मी दोन्ही वेळा फळ्यावरच्या त्याच चार ओळींत दिला.

तर त्याच आठवड्यात सरांनी आपापल्या गावाचा नकाशा काढून आणायला सांगितला. मी ड्रॉईंगचा कागद घेऊन ओट्यावर बसले. उत्तर वर धरली तर पूर्व उजव्या हाताला येते आणि आमची वस्ती कागदाच्या कडेला, जवळजवळ बाहेर पडल्यासारखी. माझं डोकं फिरलं. मी कागद फिरवला आणि पूर्वच वर घेतली. आमची सतरा घरं कागदाच्या माथ्यावर आली, ओढा त्यांच्या खाली, आणि गाव अगदी तळाशी. देऊळ, चावडी, कारभाऱ्यांचा माडीचा वाडा, सगळं आमच्या खाली. उत्तरेचा बाण मी नीट डाव्या हाताला काढला, कारण खोटं मला काढायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या दारातून गावाकडे खाली पाहिलं, आणि त्यातलं सुख मी अजून विसरले नाही.

सरांनी नकाशा हातात धरला, आडवा केला, उभा केला. 'नदी डोंगर चढतीय काय गं तुझी? खालून वर चाललीय.'

'सर, तो कागद आहे, डोंगर नाही. बाण बघा.'

'उत्तर वर असते.'

'पुस्तकात लिहिलंय, दिशा बाणावरून ओळखावी. वरून ओळखावी असं नाही लिहिलेलं.'

त्यांनी पुस्तक उघडून खरंच पाहिलं. एवढं मी त्यांना मानते. मग म्हणाले, 'बरं. आणि प्रमाण कुठाय? प्रमाण नसेल तर ते चित्र झालं, नकाशा नव्हे. चित्राला मार्क नाहीत.' हा टोला मात्र खरा बसला. मी घरी येऊन रडले नाही, भांडी आपटली. आबांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. ते उठले, सायकल उलटी केली, सुतळी मागच्या चाकाभोवती गुंडाळली आणि ती सुतळी कंपनीच्या फूटपट्टीनं मोजली. सव्वासात फूट भरली. मग चाकाच्या एका तारेला त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. 'चिंधी वर आली की एक. मी ढकलतो, तू मोज. बोलायचं न्हाई, आकडा चुकंल.' असे आम्ही बापलेक दोन रविवार सगळ्या गावातून सायकल ढकलत हिंडलो. गावातल्या बायका दारात येऊन बघायच्या. 'पंक्चर झाली का रं?' एकानं आबांना विचारलं. आबा आकडा चुकेल म्हणून बोलले नाहीत, आणि त्या माणसानं गावभर सांगितलं की कंपनीत लागल्यापासून याला माज चढलाय. गावच्या शेवटच्या घरापासून आमच्या पहिल्या घरापर्यंत चौसष्ट चाकं भरली. मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, एक इंच म्हणजे पन्नास चाकं, एक चाक म्हणजे सव्वासात फूट. सरांनी दहातले सात दिले. तीन कशाचे कापले म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'आगाऊपणाचे.'

हल्ली आमच्या भागात नवीन इमारती इतक्या झाल्यात की सामान घेऊन येणारी मुलं रोज फोन करतात, 'मावशी, लोकेशन पाठवा.' माझा मुलगा पाठवतो. फोनवर एक निळा ठिपका हलत हलत आपल्या दारापाशी येतो आणि मला दर वेळी उगाच बरं वाटतं. हे सगळ्यांना वाटतं की मलाच, ते विचारायचं राहून गेलं.

मी तो नकाशा काढला त्याच्या आधीच्या थंडीत मोजणीवाले येऊन गेले होते. आमच्या बाजूच्या जमिनी कारखान्यांसाठी घेणार अशी कुजबुज होतीच. मोजणीवाल्यांबरोबर वही लिहिणारा एक कारकून होता, उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. ते गावात मोजत मोजत ओढ्यापर्यंत आले. ओढ्याला बाभळी दाट, पलीकडचं दिसत नाही. दुपार झाली होती आणि गावात त्यांच्यासाठी जेवण तयार होतं, त्यामुळे ओढा ओलांडून कुणी आलंच नाही. कारकुनानं सोबतच्या गावकऱ्याला विचारलं, पुढे काय आहे? तो म्हणाला, 'खाली.' त्याला खालची वस्ती म्हणायचं होतं की आणखी काही, हे मला आजही ठरवता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्याला संशयाचा फायदा द्यायला तयार नाही.

नोटीस लागली तेव्हा सोबत निळा नकाशा चावडीत टांगला. कारखान्यांसाठी घ्यायची जमीन त्यात जाड रेघेनं वेढली होती. आबा कामावरून येताना बघून आले आणि आल्या आल्या आईला म्हणाले, 'लागलं आपलं नाव. ओढ्याच्या पल्याड सरळ लिवलंय, खाली.' वस्तीतले चारपाच जण जाऊन खात्री करून आले. वाचता येणाऱ्यानं वाचून दाखवलं आणि न येणाऱ्यांनी बोट लावून पाहिलं, खाली. सरकारच्या कागदावर आमची वस्ती पहिल्यांदाच आली होती. कुणी गूळ वाटला. आबांनी पिंपरीहून जिलेबी आणली, ती केळीच्या पानात बांधलेली होती आणि सायकलवर येईपर्यंत तिचा चुरा झाला होता. आम्ही तो चुरा चमच्यानं खाल्ला. मीही खाल्ला. नोटिशीत पुढे असं लिहिलं होतं, की जिथे राहती घरं दाखवली आहेत ती जागा वगळली जाईल किंवा बदली जागा मिळेल. मग काळजी कसली?

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी चावडीत शिरले, नकाशा मला जवळून बघायचा होता एवढंच. नवीन शिकलेलं माणूस पहिल्यांदा सूची बघतं, म्हणजे कोपऱ्यातली ती चौकट, ज्यात कुठल्या खुणेचा अर्थ काय ते लिहिलेलं असतं. काळा भरीव चौकोन म्हणजे राहतं घर. आडव्या रेघा म्हणजे रिकामी जमीन. गावावर काळे चौकोन मुंग्यांसारखे दाटले होते. ओढ्यापलीकडे नुसत्या आडव्या रेघा होत्या आणि त्यांच्यावर लिहिलं होतं, खाली. मी तो शब्द पुन्हा वाचला. आम्ही रिकाम्याला रिकामं म्हणतो. पण शाळेत हिंदी शिकलेच होते की. त्या कारकुनाच्या भाषेत खाली म्हणजे ओसाड, मोकळं, तिथे कुणी नाही. आमच्या नावानंच आम्हाला पुसलं होतं, आणि आम्ही त्यावर जिलेबी खाऊन बसलो होतो.

घरी सांगितलं तर कुणाला पटेना. शेजारचे एक आजोबा म्हणाले, 'लई शिकली पोरगी, आता सोन्यात बी खोट काढती.' एकीनं तर मीच अवलक्षणी तोंडानं वस्ती मोडणार असं आईला ऐकवलं. आबा हात न धुता मला सायकलवर बसवून पुन्हा चावडीत घेऊन गेले. सूचीतला काळा चौकोन त्यांनी बोटानं दाबून पाहिला, मग आडव्या रेघा, मग तो शब्द. परत येताना ते सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत राहिले. ओढ्याशी आल्यावर म्हणाले, 'ड्राइंगमधी न्हाई आपण.' आणि मग, 'साहेब कंदी येणार हाय हरकती ऐकायला?' मी म्हटलं, गुरुवारी. 'त्यो कागुद काढून ठेव तुझा,' ते म्हणाले.

गुरुवारी आबांनी खाडा केला, लग्नाच्या दिवशीही न केलेला. आमची माणसं चावडीच्या पायरीखाली उभी राहायची ही जुनी रीत, आणि त्या दिवशीही ती पायरीखालीच उभी राहिली, आबांसुद्धा. मी पायरी चढले. चपला घालूनच चढले. टेबलामागे साहेब, शेजारी तोच हिंदी बोलणारा कारकून, खुर्चीवर गावचे कारभारी. साहेब तरुण होता, विदर्भाकडचा असावा. 'काय पाहिजे, बाळ?' तो म्हणाला.

'मी बाळ नाही, हरकत आहे,' मी म्हटलं. खरंतर मला 'हरकत घेऊन आले आहे' म्हणायचं होतं, पण जे निघालं ते निघालं. मी निळ्या नकाशावर बोट ठेवलं. 'इथं सतरा घरं आहेत. तुम्ही रेघा मारल्यात.'

साहेबानं वाकून पाहिलं. 'पण इथे तर स्पष्ट लिहिलंय, खाली.'

कारभारी हसून म्हणाले, 'व्हय की सायेब. खाली म्हंजी खाली.'

कारकूनही मान हलवून म्हणाला, 'हां साब, खाली मतलब खाली.'

साहेबानं एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे पाहिलं. हुशार माणूस होता. त्यानं कारभाऱ्यांना विचारलं, 'तुमच्यात खाली म्हणजे काय?' कारभारी चाचरले. 'म्हंजी... नदीच्या खालच्या अंगाला.' 'आणि तिथे आहे काय?' 'हाय दोनचार खोपटं.' 'सतरा,' पायरीखालून आबा म्हणाले. चावडीत वर बघून, आवाज चढवून बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मी माझा कागद टेबलावर पसरला आणि तो कुणी ओढून घेऊ नये म्हणून दोन्ही हात त्यावर दाबून ठेवले. साहेब म्हणाला, 'उत्तर?' मी म्हटलं, 'डाव्या हाताला, बाण बघा.' त्याला माझा कागद फिरवता येईना, कारण मी हात काढला नाही. शेवटी त्यानं स्वतःचा तो भलामोठा निळा नकाशा उचलला, फिरवला आणि माझ्या कागदाशेजारी माझ्या बाजूनं लावला. त्याची नदी माझ्या नदीच्या ओळीत आली, ओढ्याशी ओढा आला. वर, माथ्यावर, माझ्याकडे सतरा चौकोन आणि त्याच्याकडे आडव्या रेघा. 'प्रमाण?' त्यानं विचारलं. मी चाकांचा हिशेब सांगितला. कारभारी फिसकन हसले. साहेब हसला नाही. त्यानं मोजणीची साखळी मागवली आणि उठला.

गावच्या शेवटच्या घरापासून साखळी धरली. सगळी मंडळी मागून. बाभळींतून वाट काढत ओढा ओलांडला आणि आमच्या पहिल्या घराच्या ओट्याला साखळी टेकली. चारशे अठ्ठावन्न फूट. माझ्या कागदावर चौसष्ट चाकं, म्हणजे चारशे चौसष्ट. 'सहा फूट चुकलीस,' साहेब म्हणाला.

'चाक ओढ्यात उतरून चढलं, साहेब. तुमची साखळी हवेतून आली.'

त्यानं वहीत माझाही आकडा लिहून घेतला. मग घरं मोजत फिरला. प्रत्येक दारापुढे थांबून, आत कोण राहतं विचारून. ती घरं पुढे वगळली गेली आणि कारखान्याचं कुंपण आमच्या बाभळींपाशी येऊन थांबलं, हे इथेच सांगून टाकते. मला वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायला आवडत नाही. नोटिशीत लिहिलेलं आम्हाला मागून मिळालं नाही, दाखवून मिळालं, आणि त्याबद्दल मी कुणाचे आभार मानलेले नाहीत. त्या साहेबाचेही नाही. त्यानं त्याचं काम केलं, ते आधीच करायला हवं होतं.

सतराव्या घरापाशी, म्हणजे आमच्याच दारात, तो थांबला. 'आता नकाशात नाव काय लिहायचं? खालची वस्ती?'

'खाली लिहू नका,' मी म्हटलं. 'पुन्हा रिकामी होईल.'

'मग काय लिहू?'

आणि इथे मी अडले. सगळा नकाशा मी काढला होता, पण माझ्या कागदावर त्या जागी मी 'आमची वस्ती' एवढंच लिहिलं होतं. असं नाव सरकारी कागदावर चालत नाही हे मलाही कळत होतं. पुरुष माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. आजवर आम्हाला नावं दुसऱ्यांनी ठेवली होती, आपलं आपण ठेवायचं म्हणजे काय करायचं हे कुणाला माहीत नव्हतं. कारभारी ओढ्यापाशीच थांबले होते, त्यांचं खाकरणं तेवढं ऐकू येत होतं.

आई आत भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली. तिला पूर्व हा शब्द कधी लागलाच नव्हता. 'उगवतीला हाय आमी,' ती म्हणाली. 'दीस आदी आमच्या दारात यतो, मंग गावात जातो. उगवतवाडी लिवा.'

साहेब जरा घुटमळला. 'बाई, असं नाव रेकॉर्डला नाही.'

'रेकॉर्डला तर आमीबी न्हवतो,' आई म्हणाली.

साहेबानं वही उघडली, कानावरची पेन्सिल काढली आणि टोक जिभेला लावलं. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती एक पाऊल पुढे आली आणि तिनं पिठाचा हात उघड्या वहीवर आडवा धरला.

'पेन्सिल नगं, सायेब. शाईनं लिवा.'